पेवातली ज्वारी, कणगीतल्या शेंगा

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की 'पेव फुटलं' असं आपण सहज म्हणून जातो. ज्या पेवावरून हा वाक्प्रचार आला, ते जमिनीखालचं कोठार मात्र परभणी जिल्ह्यातल्या आजच्या पोरांनी क्वचितच पाहिलं असेल. पाऊस दगा देईल तेव्हा घर कशावर तगणार, याचं उत्तर मराठवाड्यातल्या जुन्या गावांनी जमिनीच्या पोटात ठेवलं होतं.

पेव काळ्या रानात खणत नसत. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यामुळे पेवासाठी गावठाणाची पांढरी किंवा मुरमाड जागा बघायची. खड्ड्याचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, खडखडीत वाळलेली ज्वारी ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत धान्याचा श्वास चालू राहतो, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडीला जगणं अशक्य होतं. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. ते आधी मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. ज्योत विझली तर उतरायचं नाही. ही खबरदारी न घेतल्यानं माणसं पेवात गुदमरून गेली आहेत. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास येई, कडेचे दाणे काळवंडत. पण दुष्काळाच्या वर्षी तीच भाकरी ताटात पडे.

भाकरीबरोबर तोंडी लावायला शेंगदाणा. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे पीक इथं इतकं मुरलं की त्याला 'भुईमूग' हे अस्सल इथलं नाव मिळालं. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल आणि चौथा हिस्सा प्रथिनं. अडचणीच्या दिवसांसाठी एवढ्या ताकदीचं धान्य दुसरं शोधून सापडणार नाही. साठवणीची अडचणही त्याच तेलात आहे. ज्वारी वर्षानुवर्षं राहते. दाण्यातल्या तेलाला हवा आणि ऊब मिळाली की तो खवट होतो. कूट केलं तर आणखी लवकर, कारण कुटताना तेल उघड्यावर येतं. पीनट बटरची हवाबंद बाटली टिकते, तीही उघडेपर्यंतच.

लोकमान्य टिळकांच्या शाळेतल्या गोष्टीमुळे टरफल म्हणजे उचलून टाकायचा कचरा, असं आपल्या डोक्यात लहानपणीच बसतं. साठवणीत मात्र खरा राखणदार तेच. म्हणून घरात ठेवायच्या त्या शेंगा, दाणे नव्हेत. शेंग कानाशी धरून हलवायची. आतला दाणा खुळखुळला तर ती वाळली. मग तुराट्यांच्या किंवा बांबूच्या, शेणामातीनं लिंपलेल्या कणगीत भरायची. ओलावा 8-9 टक्क्यांच्या आत असावा, असं आजचं शास्त्र सांगतं.

ओल राहिली तर काय होतं, हे जगाला 1960 साली इंग्लंडमध्ये कळलं. तिथं एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला आणि बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उजेडात आलं. दाणे भाजून ते पुरतं जात नाही. बुरसटलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा निवडून फेकणाऱ्या बाईची सवय किती मोलाची, हे यावरून कळावं.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा कणग्या रिकाम्याच होत्या. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांना खायला सुकडी मिळाली, रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी आली. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढे 1976 मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि डाव्या कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूगही घेता येऊ लागला. पण या पिकाची काढणी मे-जूनमध्ये येते. शेंगा खळ्यावर असतानाच वळवाचा पाऊस गाठतो. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात वाळणाऱ्या खरिपाच्या शेंगांना ही धास्ती त्या मानानं कमी.

दाण्याला दुष्काळाचं अन्न करण्याचे प्रयत्न दूरवरही झाले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्याचं तेल काढलेलं पीठ 75 भाग आणि हरभऱ्याचं 25 भाग घेऊन पोषक पीठ तयार केलं. फ्रान्समध्ये 1996 साली 'प्लंपीनट' आलं. शेंगदाण्याची पेस्ट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं असलेलं हे पाकीट न उघडता 2 वर्षं टिकतं. कुपोषित मुलाला पाणी न मिसळता, न शिजवता थेट खायला देता येतं. टरफलाचं काम तिथं हवाबंद पाकीट करतं.

गावात आता पेव उरलेलं नाही. ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आले. बियाण्याचा भुईमूग मात्र अजूनही शेंगेतच ठेवतात. पेरणी तोंडावर आली की ओसरीवर पोतं मोकळं होतं, घरातल्या बाया शेंगा फोडायला बसतात. एकेक शेंग चिमटीत दाबायची, लाल साल न दुखावता दाणा बाजूला काढायचा. साल सुटलेला किंवा फुटका दाणा वेगळ्या सुपात जातो, तो खाण्यासाठी.