सार्वजनिक हित कोणाचे?

‘सार्वजनिक हित’ हा शब्द इतिहास शिकवताना मी नेहमी तपासून घेतो. कारण त्याच्या नावाखाली आधी गरिबांचीच जमीन जाते. लॉस एंजेलिसमधील चावेझ रॅव्हिनचा इतिहास पाहावा. तेथील पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांना १९५० साली घरे विकून जाण्याची पत्रे आली. तेथे सरकारी घरे उभी राहणार होती आणि त्यांवर पहिला हक्क याच लोकांचा, असे आश्वासन होते. परंतु ‘हा तर समाजवाद’ अशी ओरड झाली. १९५३ मध्ये या घरांचे विरोधक नॉरिस पोल्सन महापौर झाले व योजना गुंडाळली गेली. पुढे तीच जमीन डॉजर्स या बेसबॉल संघाला देण्याचा करार १९५८ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने मंजूर झाला. मे १९५९ मध्ये उरलेल्या माणसांना शिपायांनी उचलून बाहेर काढले. १९६२ मध्ये स्टेडियम सुरू झाले.

सार्वमत झाले, म्हणजे न्याय झाला काय? मत साऱ्या शहराने दिले. घरे मात्र तीन वस्त्यांची गेली. म्हणून करमणुकीचा असा प्रकल्प दाराशी आला, की नोकऱ्या किती मिळणार, याआधी कार्यकर्त्यांनी विचारावे : जमीन कोणत्या कारणासाठी घेतली होती? आणि ते कारणच बदलले, तर ती मूळ माणसांना परत का नाही?