धुराची कमाई

शर्यतीच्या मोटारीचं इंजिन अभियंते घडवतात, पण ते किती मोठं असावं हे बहुतेक वेळा नियमावली ठरवते. चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचं कूळ शोधत गेलं की हे फार स्वच्छ दिसतं.

मूळपुरुष आल्फ्रेड ब्यूखी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंतली ऊर्जा फुकट जाऊ न देता कामाला लावायची, या कल्पनेचं पेटंट या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतलं. स्पोर्ट्सकारच्या शर्यतीत तिचं एक देखणं फळ दिसलं ते १९७९ साली, लान्चियाच्या बीटा मोंतेकार्लो टर्बोमध्ये. तिचं इंजिन १,४२५ सीसीचं. हे अडनिडं माप आलं कुठून? टर्बो लावला की इंजिनाची क्षमता १.४ पट धरायची, असा नियम होता. गुणाकार केला की १,९९५ येतात, म्हणजे दोन लिटरच्या गटात जेमतेम बसण्याइतके. या छोट्या इंजिनाच्या बळावर लान्चियाने १९८० आणि १९८१ अशी दोन्ही वर्षं उत्पादकांचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं.

त्याच सुमारास पोर्शेनेही चार सिलिंडरचा टर्बो ले मान्सच्या चोवीस तासांत उतरवला. १९८० मध्ये ९२४ कॅरेरा जीटी सहावी आली. पुढच्या वर्षी अडीच लिटरच्या नव्या इंजिनाची गाडी सातवी. मग पोर्शेच्या ले मान्स गाड्यांत बहुतांशी सहा सिलिंडरचं राज्य राहिलं.

२०१४ मध्ये नियमांनी कूस बदलली. सर्वांत वरच्या गटात इंजिनाची क्षमता आता मोकळी होती. बंधन आलं ते दर फेरीला किती इंधन जाळायचं यावर. गंमत अशी की एकाच नियमाची तीन उत्तरं निघाली. आउडीने चार लिटरचं डिझेल व्ही-६ आणलं, टोयोटाने टर्बोविना ३.७ लिटरचं व्ही-८, आणि पोर्शेच्या ९१९ हायब्रिडमध्ये आलं अवघं दोन लिटरचं टर्बो व्ही-४.

चारही सिलिंडर एका ओळीत का नाहीत? अशा गाडीत इंजिन हा सांगाड्याचाच भाग असतो. मागच्या चाकांचा भार त्याच्यातून जातो. ओळीतलं इंजिन उंच आणि लांब होतं, व्ही-४ आखूड आणि ताठ राहतं. मला या गाडीत सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र इंजिनाच्या पुढचं. धुराचे इथे दोन वाटे होतात: एक टर्बोकडे जातो, दुसरा एका वेगळ्या टर्बाइनकडे. हे टर्बाइन जनित्र फिरवतं आणि वीज बॅटरीत जाते. परत मिळवलेल्या ऊर्जेपैकी साधारण ६० टक्के पुढच्या ब्रेकमधून येई, ४० टक्के या धुरातून. ब्रेकमधून वीज फक्त गाडी मंदावताना मिळते. धूर वेग घेतानाही कमावून देतो. ब्यूखीची कल्पना इतकी पुरेपूर वापरलेली मी दुसऱ्या शर्यतीच्या गाडीत पाहिलेली नाही.

वाट सोपी नव्हती. २०१३ च्या पहिल्या चाचण्यांत इंजिन इतकं थरथरत होतं की क्रँकशाफ्टची रचना आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम, दोन्ही बदलावे लागले. ऐन घाईत क्रँकशाफ्ट पुन्हा नव्याने करायचा म्हणजे इंजिनाचा कणाच बदलायचा. व्हाइसाख इथल्या पोर्शेच्या विकास केंद्रातल्या अभियंत्यांनी ते केलं, आणि २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं ले मान्स पोर्शेने जिंकलं. दरम्यान २०१६ पासून टोयोटानेही व्ही-८ सोडून लहान टर्बो इंजिन घेतलं होतं.

२०१७ च्या अखेरीस पोर्शेने हा गट सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी हीच गाडी नियमांबाहेर नेली आणि इंधनाचा लगाम काढला. इंजिनाची मूळ रचना न बदलता सुमारे ५०० ची ताकद ७२० अश्वशक्तीवर गेली. २९ जून २०१८ रोजी टिमो बर्नहार्डने ती घेऊन न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफची फेरी ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांत पुरी केली.