विषाचा उतारा कोणासाठी?

रासायनिक युद्ध म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते पहिल्या महायुद्धातले मुखवटे घातलेले सैनिक. १९१५ साली ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला, तिथून ही कथा सुरू करायची रीत आहे. आम्ही आज ती रीत सोडतो. क्लोरीन किंवा मस्टर्ड वायूवर डॉक्टरांच्या हाती खरा उतारा नव्हताच. मुखवटा घाला, अंग धुवा, शुश्रूषा करा, इतकेच. विष शरीरात नेमके काय करते हे ओळखून दिलेला उतारा पाहायचा, तर नर्व्ह गॅसकडे यावे. आणि बघा, हा नर्व्ह गॅस शोधायला कोणी निघालेच नव्हते.

डिसेंबर १९३६. लेव्हरकुसेन इथे आय. जी. फार्बेन कंपनीत गेरहार्ट श्राडर नावाचे रसायनशास्त्रज्ञ पिकांवरची कीड मारणारे औषध शोधत होते. त्यांच्या हाती टाबुन आले. काही दिवसांतच ते स्वतः आणि त्यांचा सहायक त्याच्या तडाख्यात सापडले : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, दम लागला. पुढे ते लष्कराकडे गेले. १९३८ मध्ये सारीन आले. आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावी कारखाना उभा राहिला आणि तिथे हजारो टन टाबुन तयार झाले. हिटलरने ते रणांगणावर का वापरले नाही, यावर पुष्कळ वाद आहेत. ते आज बाजूला ठेवू. आपल्याला लक्षात ठेवायचे ते हे की याच श्राडरांनी पुढे पॅराथिऑन हे कीटकनाशकही दिले. शस्त्र आणि शेतीचे औषध, दोन्ही एकाच घराण्यातली.

आता हे विष करते काय? मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे एक द्रव्य असते, ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की एक एन्झाइम त्याचा निकाल लावते. हे विष त्या एन्झाइमलाच जखडून टाकते. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, छातीत पाणी, स्नायूंची थरथर, आणि शेवटी श्वास बंद.

यावर पहिला उतारा युद्धाच्या कितीतरी आधीचा आहे. एडिंबरोच्या टॉमस फ्रेझर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते की आफ्रिकेतल्या कॅलबार बीच्या विषाला ॲट्रोपीन आवरते. ॲट्रोपीन बेलाडोनात असते, आणि आपल्या धोतऱ्यातही. (हलाहल पिणाऱ्या शंकराला आपण धोतरा वाहतो, योगायोगच, त्यावर आम्ही काही सिद्धान्त बांधत नाही.) पण ॲट्रोपीन निरोपाचा गोंगाट कमी करते, जखडलेले एन्झाइम सोडवत नाही. ते काम करणारे प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘पाम’, १९५५ मध्ये पुढे आले. कोलंबिया विद्यापीठातल्या अर्विन विल्सन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे.

यात एक अट आहे, वेळेची. विष एन्झाइमला चिकटून काही काळ गेला की तो बंध पक्का होतो. मग पाम देऊन उपयोग नाही. सोमान या वायूत हा काळ मिनिटांचा, सारीनमध्ये काही तासांचा. म्हणून सैनिकाच्या खिशात मांडीत टोचायची तयार सुई आली. धडधाकट तरुण, माहीत असलेले विष, हाताशी औषध : उताऱ्याची सगळी कल्पना या माणसाभोवती बेतलेली आहे.

प्रत्यक्षात तो वापरला कुठे गेला? २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सारीन सोडले. सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवशी ६४० रुग्ण आले. रुग्णांच्या कपड्यांतून सुटणाऱ्या वाफेने तिथल्या कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. जपानी डॉक्टरांना पाम ओळखीचे होते ते लष्करामुळे नव्हे, पॅराथिऑनने बाधलेल्या शेतकऱ्यांमुळे. तेव्हा शेताने शहराला वाचवले म्हणा ना!

आणि शेताला कोण वाचवणार? २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. फवारलेल्या औषधांत याच ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातलीही होती. मजुराला आपल्या अंगावर नेमके काय उडाले ते ठाऊक नसते. पंप उतरवून, गाडी मिळवून, तालुक्याला पोचेपर्यंत तास निघून गेलेले असतात. सैनिकासाठी बेतलेला उतारा इथे तसाच्या तसा लागू पडेल, हे गृहीत कसे धरायचे?

हे तपासून पाहिले गेले, आणि त्यातली एक महत्त्वाची चाचणी आपल्या बारामतीत झाली, हे फार थोड्यांना माहीत असते. कीटकनाशक पोटात गेलेल्या २०० रुग्णांना आधी पामचा सारखाच डोस दिला. मग शंभरांना ते ४८ तास सलग, मोठ्या प्रमाणात, आणि शंभरांना थांबून थांबून. पहिल्या गटात १ मृत्यू, दुसऱ्यात ८. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. तीनच वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र पामचा काहीच फायदा दिसला नाही. उलट पाम मिळालेल्या गटात मृत्यू जास्त होते. विष वेगळे, डोस वेगळा, रुग्णालयात पोचायला लागलेला वेळ वेगळा, अशी कारणे दोन्ही बाजूंनी मांडली जातात. टाबुनच्या शोधानंतर सत्तर वर्षांनी वाद इथवर आला होता. अतिदक्षता विभागातले डॉक्टर आजही ॲट्रोपीन आणि व्हेंटिलेटर यांवरच मुख्य भिस्त ठेवतात, आणि पाम किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे जागोजागी वेगळे ठरते.