बोट बंद झाली म्हणजे

आषाढातली सकाळ आहे आणि तुम्ही रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या वाटेने निघाला आहात, असे समजा. शिरगाव गेले, साखरतर गेले, काळबादेवी मागे पडली. आरे गाव सोडले की रस्ता चढणीला लागतो. उजव्या हाताला तांबडा डोंगर, डाव्या हाताला कडा, आणि कड्याखाली दर्या. वैशाखात हाच दर्या निळा असतो, लहान मुलासारखा वाळूत लोळत असतो. आता त्याचा रंग मातकट झालेला. लाटांचा आवाज रस्त्यावर बोलू देत नाही. खाली आऱ्याचा किनारा, वळण घेतले की वाऱ्याचा, आणि सुरूच्या बनावरून पावसाची सर चालत आपल्याकडे येताना दिसते.

डोळे भरून पाहा. मात्र मी तुम्हाला इथे आणले ते एक प्रश्न विचारण्यासाठी. हा किनारा शेकडो वर्षे नांदता आहे. देवळे आहेत, बंदरे आहेत, किल्ले आहेत. मग किनाऱ्याने जाणारी ही सडक एवढी अलीकडची का? पूर्वी पुळ्याला गाडीने जायचे तर निवळीवरून मोठा वळसा घालावा लागे.

याचे उत्तर सोपे आहे. कोकणची सडक म्हणजे समुद्र. जमिनीवरून उत्तर-दक्षिण चालायला लागा, की दर काही कोसांवर खाडी आडवी येते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन. प्रत्येक ठिकाणी तरीची वाट पाहत बसायचे. साखरतर हे नाव ऐकले की मला तर ती तरच आठवते! त्यापेक्षा गलबतात बसावे आणि वारा नेईल तसे जावे. पुढे आगबोटी आल्या. त्या पुष्कळ ठिकाणी धक्क्याला लागत नसत, खोल पाण्यात उभ्या राहत. मग पडावातून उतारू, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, सगळे वरखाली व्हायचे.

पण ही सडक वर्षाचे आठ महिनेच चालू असे. मृग जवळ आला की बोट बंद. ती थेट नारळी पौर्णिमेच्या सुमारास समुद्र शांत होईपर्यंत. म्हणून कोकणात आगोटीची बेगमी करायची. तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, जळण, सारे घरात आणून ठेवायचे. गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायची. ही नुसती गरिबांची सोय नव्हती, राज्यकारभारही याच तालावर चाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या पावसाळी छावणीची तजवीज सांगितली आहे. दर्या खवळण्याच्या आधीच जहाजे आसऱ्याला न्यावीत, आणि दरसाल एकाच बंदरी छावणी करू नये, म्हणजे त्याच त्या गावांना आरमारी लोकांचा उपद्रव होणार नाही. जहाजांबरोबर गावांची फिकीर केली, हे मला फार मोलाचे वाटते.

या चार महिन्यांत मुंबईला असलेल्या मुलाचा बाप गावी आजारी पडला तर? आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे. तिथेही रेल्वे आली ती १८९१ साली. त्याआधी आणखी पायपीट. किती मुले बापाच्या शेवटच्या भेटीला मुकली असतील, त्याची कुठे नोंद नाही.

सरकारला मात्र अशा आडजागेचा उपयोग दिसला. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ साली पदच्युत झाला, आणि १८८६ साली इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट नाही. राजाला कोण भेटायला येणार आणि राजा पळून कुठे जाणार? खाडीवरच्या उंच कड्यावर त्याच्यासाठी जांभ्या दगडाचा राजवाडा झाला तो १९१० च्या सुमारास. १९१६ साली तो तिथेच वारला. तीस पावसाळे त्याने या समुद्राकडे बघत काढले.

आणि समुद्राशी हट्ट केला तर काय होते, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसले. अवसेचा दिवस होता. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच उलटली. टप्पा केवढासा, पण सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावरच्या घरांत ही गोष्ट अजून हळू आवाजात सांगतात.

आता रस्ता झाला, पूल झाले, १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावते. तरी पावसाळ्याचा हक्क संपला असे समजू नका. शिक्षक मित्रांनो, वर्गात जांभ्याचा एक तुकडा न्या आणि त्यावर पेलाभर पाणी ओता. पाणी छिद्रांतून आत जिरते. डोंगरातही हेच होते. वरचा जांभा पाणी पितो, खाली मऊ चिकण माती असते, पाणी तिच्यावरून वाट काढत कड्याच्या अंगाने बाहेर येते आणि येताना माती घेऊन येते. माती गेली की वरच्या दगडाचा आधार गेला. मग एक दिवस गाडीएवढा धोंडा रस्त्यावर येतो. म्हणून डोंगर कापलेल्या जागी, भर पावसात, थांबू नये. कड्याच्या टोकाला उभे राहून फोटो काढू नयेत, आणि खालच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नये. गावकऱ्याने हटकले तर रागावू नका. त्याला तिथला ओढ माहीत असतो.

उतार उतरलात की नेवरे, भंडारपुळे, मग गणपतीपुळे. वेळ असला तर पलीकडे मालगुंडला जा. केशवसुतांचा जन्म तिथला, १८६६ सालचा.

जाताना किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्याही बघा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला सरकारी बंदी असते. झापांच्या जागी आता निळे प्लॅस्टिक दिसते, पण होड्यांची तोंडे अजून दर्याकडेच केलेली असतात.