पत्त्यांची खतावणी

ऑनलाइन पोकरवर घर चालवणाऱ्या काही जणांचे हिशेब माझ्याकडे येत असत. ठाण्यात माझं सीएचं ऑफिस आहे. बाकीचे क्लायंट म्हणजे हार्डवेअरची दुकानं, दोन-तीन डॉक्टर आणि हाउसिंग सोसायट्या. त्यांत ही तिशीच्या आतबाहेरची मुलं आली ती आयकरापायी. ‘जुगारी’ हाच शब्द माझ्याही मनात पहिल्यांदा आला. पण वह्या उघडल्यावर गंमत कळली. दुकानदार जुलै उजाडला की बिलांची पिशवी माझ्या टेबलावर उलटी करतो. या मुलांकडे रोजच्या रोज लिहिलेली कीर्द होती.

एकाच्या एक्सेलमधले रकाने मला आजही आठवतात: तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, किती टेबलं, किती डाव, नफा-तोटा. नफा-तोट्याच्या आधी आणखी एक रकाना होता, ‘मन’. त्यात एक ते पाच यांपैकी एक आकडा असे आणि तो खेळायला बसण्याआधी भरायचा. “दोन किंवा खाली असेल तर लॉगिनच करायचं नाही, मॅडम,” तो म्हणाला. अशा दिवशी खेळाचे सगळे रकाने कोरे. आणि असे दिवस त्या शीटमध्ये बरेच होते.

ही कडक रीत आली कुठून, याचं कुतूहल म्हणून मी या धंद्याचा इतिहास वाचत गेले.

खऱ्या पैशांचा पहिला ऑनलाइन डाव ‘प्लॅनेट पोकर’ या साइटवर 1 जानेवारी 1998 रोजी वाटला गेला. पोकरचे धंदेवाईक खेळाडू त्याआधीही होते, पण ते लास वेगास किंवा कॅलिफोर्नियातल्या क्लबांत समोरासमोर बसत. तिथे माणूस पत्ते पिसतो, वाटतो, पैसे मोजतो. तासाला जेमतेम तीस डाव होतात. संगणकावर एका टेबलावर साठ-सत्तर होऊ लागले आणि एकाच वेळी अनेक टेबलं उघडता येऊ लागली. ‘पोकरस्टार्स’वर ही मर्यादा पुढे चोवीस टेबलांपर्यंत गेली. क्लबात आठ तास बसून अडीचशे डाव होत नाहीत. चोवीस टेबलांवर ते तासाला चौदाशेच्या घरात जातात. शिवाय प्रत्येक डावाची नोंद खेळाडूच्या संगणकात मजकूर म्हणून उतरते. ‘पोकरट्रॅकर’सारखी सॉफ्टवेअरं ती वाचून सांगतात की, तुम्ही शंभरपैकी किती डावांत पैसे घातले, किती वेळा स्वतःहून बोली वाढवली आणि कुठल्या जागेवरून खेळताना तोट्यात गेलात.

इतके डाव झाले की नशीब दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि मागे उरतो तो निर्णय. म्हणजे काय, ते ‘मन’चा रकाना ठेवणाऱ्या त्या मुलाने मला कागदावर मांडून दाखवलं. तुमच्या हातातली दोन आणि टेबलावरच्या चारांपैकी दोन, अशी चार इस्पिकं तुमच्याकडे आहेत. शेवटचं पान यायचं आहे. ते इस्पिक आलं तर डाव तुमचा. मधल्या ढिगात 200 रुपये आहेत, समोरचा आणखी 100 लावतो. म्हणजे 100 घालून तुम्हाला 300 मिळण्याची शक्यता. चारात एकदा जिंकलात तर बरोबरी. न पाहिलेली पानं 46, त्यांत इस्पिकं 9, म्हणजे पाचातून एकदाही पुरतं नाही. पुढे आणखी पैसे निघण्याची आशा नसेल, तर पानं टाकायची. टाकल्यावर नेमकं इस्पिक उघडलं तरी निर्णय बरोबरच होता. डेव्हिड स्क्लान्स्कीने 1987 च्या ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये हाच विचार पायाशी धरला: समोरच्याची पानं दिसत असती तर जसं खेळला असतात, त्याच्या जितके जवळ खेळाल तितका दीर्घ पल्ल्यात फायदा. त्या रात्री पैसे आले की गेले, याला त्यात स्थान नाही. बसण्याआधी भरायचा ‘मन’चा आकडा यासाठीच होता. निकाल कळल्यावर आपलं मन कसं होतं, हे माणूस खरं सांगत नाही.

दुसरी शिस्त भांडवलाची. ख्रिस फर्ग्युसन या नामांकित खेळाडूने 2006 मध्ये ‘फुल टिल्ट’ या साइटवर शून्यातून सुरुवात करून दहा हजार डॉलर करण्याचा पण केला. रोखीच्या कुठल्याही टेबलावर जवळच्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचं नाही आणि रक्कम घटली की खालच्या दराच्या टेबलावर उतरायचं, हे त्याचे नियम. पुढच्या वर्षी त्याने ते करून दाखवलं. माझ्या क्लायंट मुलांनी हाच नियम आणखी आवळला होता. खेळायचे पैसे एका खात्यात, घरखर्चाचे दुसऱ्या. दुसऱ्यात किमान वर्षभराची शिल्लक. वाईट महिना आला तरी घराच्या हप्त्यासाठी मोठ्या टेबलावर जायचं नाही. माझे काही दुकानदार क्लायंट गल्ल्यातूनच मुलांच्या शाळेची फी भरतात.

पण ज्या साइटवर फर्ग्युसनने ही शिस्त शिकवली, त्या साइटचा हिशेब पाहा. 15 एप्रिल 2011 या शुक्रवारी अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर यांच्या चालकांवर खटले उघडे केले. सप्टेंबरात सरकारने आरोप ठेवला की, मार्चअखेर फुल टिल्टला खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते सुमारे 6 कोटी. खेळाडूंच्या ठेवी मालक-संचालकांच्या खिशात जात होत्या, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यांत फर्ग्युसनचंही नाव होतं. त्याने पुढे दोष मान्य न करता तडजोड केली. 2012 मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी समझोता करून फुल टिल्ट ताब्यात घेतली, आणि अमेरिकी खेळाडूंना पैसे परत मिळायला 2014 उजाडलं. ऑडिटरच्या भाषेत सांगायचं तर खेळाडू स्वतःची जोखीम पाच टक्क्यांवर बांधत होता आणि सगळं भांडवल ज्याच्याकडे ठेवत होता त्याचा ताळेबंद एकदाही मागत नव्हता.

साइटवरचा विश्वास त्याआधीही तुटला होता, आणि तोही आकड्यांनी. 1999 मध्ये प्लॅनेट पोकरने आपण पत्ते किती प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवायला त्याची रीत जाहीर केली. अमेरिकेतल्या काही सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ती वाचली. पिसणं सर्व्हरच्या घड्याळावर अवलंबून होतं, आणि दिवसात मिलिसेकंद असतात 8 कोटी 64 लाख. घड्याळ जुळवून घेतल्यावर शक्यता दोन लाखांवर आल्या. टेबलावरची पहिली तीन पानं उघडली की सगळ्यांच्या हातातली पानं सांगता येत होती. 2007 मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर एका स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागितली. त्याला चुकून सगळ्यांच्या सगळ्या पानांची एक्सेल फाइल गेली. इतर खेळाडूंनी ती चाळली तेव्हा दिसलं, की विजेता समोरच्याची पानं पाहूनच खेळत होता. चोर पकडला गेला तो वहीमुळे, आणि वही तपासली ती खेळाडूंनी.

या धंद्याच्या उभारणीत भारतीय हातही होता. ‘पार्टीपोकर’चं सॉफ्टवेअर दिल्ली आयआयटीच्या अनुराग दीक्षितने बांधलं, कंपनीचं मोठं कार्यालय हैदराबादेत होतं आणि जून 2005 मध्ये तिचे शेअर लंडनच्या बाजारात आले. 2003 मध्ये टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस इंटरनेटवरून पात्र ठरून जागतिक स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकला होता, त्या लाटेवर हे सगळं फुगलं. ऑक्टोबर 2006 मध्ये अमेरिकेने बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्याला जोडून जुगाराचे पैसे फिरवणाऱ्या बँकांवर बंधनं घातली. पार्टीपोकरने अमेरिका सोडली आणि एका दिवसात शेअर निम्म्याहून खाली आला.

आपल्याकडे हा खेळ कायद्याच्या फटीत वाढला. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकर तसा आहे की नाही यावर उच्च न्यायालयांचं एकमत नव्हतं. 2017 मध्ये गुजरातेत तो जुगार ठरला. 2023 मध्ये कराने पकडलं: एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कपात, ऑक्टोबरपासून जमा होणाऱ्या रकमेवर 28 टक्के जीएसटी. साइट प्रत्येक ढिगातून आपला हिस्सा काढत असे, तो वेगळाच. मध्यम दर्जाच्या खेळाडूची कमाई तिथेच संपली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्य की नशीब, हा वादच त्या कायद्याने निकालात काढला. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली.

जे माझ्यापर्यंत आले ते टिकलेले होते, हे मात्र विसरता कामा नये. हरणाऱ्याला सीए लागत नाही. कर्ज काढून खेळलेल्यांची, घर विकलेल्यांची रीत वेगळी होती आणि त्यांची संख्या मोठी होती म्हणूनच बंदी आली. माझ्याकडच्या मुलांना वर्षाच्या खर्चाच्या त्या वेगळ्या खात्याने सावरलं; सगळ्यांनी साइटवरचे पैसे आधीच काढून ठेवले होते, 2011 ची गोष्ट त्यांना पाठ होती. एकाला डेटाची नोकरी मिळाली. अर्जात मधल्या वर्षांसमोर काय लिहू, असं त्याने मला विचारलं.

मी त्याची जुनी रिटर्न्स काढली. तासन् तास काम, रोजचे हिशेब, वेगळं भांडवल, तरी कर भरताना ही कमाई ‘धंदा किंवा व्यवसाय’ या सदरात बसत नव्हती. लॉटरीच्या शेजारी, ‘इतर उत्पन्न’. इंटरनेटचं बिल वजा नाही, एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही. सरकारच्या लेखी तो व्यवसाय कधी झालाच नाही. त्यामुळे तो बंद झाला तेव्हा सरकारच्या लेखी कोणी बेकारही झालं नाही.