उभ्या गाडीचे ओझे

भिलाईतील मे महिन्याची दुपार ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना मोटारीतील थंड हवा ही चैन वाटत नाही. नागपूरकरांना तर तिची कल्पना सांगावयास नको. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. पारा ४४ अंशांवर गेलेला असतो. वृद्ध रुग्णाला घेऊन दुर्गहून सेक्टर ९ च्या रुग्णालयाकडे निघालेली गाडी चौकात थांबते आणि वातानुकूलन चालू असल्यामुळे थरथरू लागते. दिवे क्षणभर मंदावतात. एखादे वेळी इंजिनही बंद पडते. वातानुकूलन थांबवले की गाडी शांत होते. मग निदान जिभेवर तयारच असते : ‘ए.सी. बिघडला, गॅस भरून घ्या.’ माझ्या मते हे निदान बहुधा चुकते. ते का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गाडी उभी असताना इंजिनाने स्वतःला जिवंत ठेवावे आणि फार तर दिव्यांपुरती वीज द्यावी, एवढीच त्याच्याकडून आरंभी अपेक्षा होती. मिनिटाला सात-आठशे फेरे त्याला पुरेसे. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने शिकागोच्या प्रदर्शनात वातानुकूलित मोटार मांडली, तेव्हा या विसाव्याच्या घटकेवर प्रथमच खरे ओझे आले. तिचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याला कायमचा जोडलेला होता. तो नको असेल तर गाडी थांबवून पट्टाच उतरवावा लागे! १९५४ मध्ये नॅश कंपनीने सर्व यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली आणि विद्युत्-चुंबकीय क्लचने कॉम्प्रेसर हवा तेव्हा जोडण्याची सोय केली. सोय मोठी खरी. पण आता ते ओझे सतत न राहता एकाएकी अंगावर पडू लागले. आजच्या तक्रारीचे मूळ तेथे आहे.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती बेताची. अशा गाडीत ज्यांनी वातानुकूलन बसवून घेतले, त्यांना मिस्त्री कार्ब्युरेटरचा ‘स्लो’चा स्क्रू थोडा पिळून देत. थरथर थांबे, पण वातानुकूलन बंद असतानाही इंजिन उगाच वेगाने फिरे आणि पेट्रोल खाई. मग वातानुकूलन चालू होताच इंजिनाच्याच निर्वाताने थ्रॉटल किंचित ओढणारा छोटा पडदा आला. सन २००० मध्ये प्रदूषणाचे कडक नियम देशभर लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हळूहळू हद्दपार झाला. आता संगणक कॉम्प्रेसर जोडण्यापूर्वीच थोडी अधिक हवा आत सोडतो आणि त्या प्रमाणात पेट्रोल वाढवतो. झोतभट्टीच्या गावात हवेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

म्हणून तपास हवेपासून सुरू करावा. वातानुकूलन चालू करून फेऱ्यांच्या काट्यावर डोळा ठेवावा. काटा खाली जाऊन तेथेच रेंगाळला, तर थ्रॉटलच्या कडेला काजळी साचली असण्याचा संभव मोठा. संगणक हवा मागतो, वाट मात्र अरुंद झालेली असते. काटा स्थिर, पण गाडीचे अंग हादरते, तर इंजिनाखालचे रबरी आधार, ज्यांना आपले मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते पाहावेत. ठेका मध्येच चुकत असेल तर प्लग, कॉइल किंवा कोठून तरी चोरून शिरणारी हवा शोधावी. आणि सकाळी ठीक चालणारी गाडी भर दुपारीच रडत असेल, तर पुढच्या कंडेन्सरवरची धूळ आणि त्याचा पंखा तपासावा. उष्णता बाहेर पडली नाही की दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जड होतो. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त गॅस भरणे म्हणजे थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोते ठेवणे होय.

भिलाईतील एका वयस्क मिस्त्रींनी आमच्या गाडीची अशीच परीक्षा केली. बॉनेट उघडून ते क्लचचा ‘टक्’ आवाज कान देऊन ऐकत राहिले, दोनदा वातानुकूलन चालू-बंद करविले, आणि मग एवढेच म्हणाले, “साहब, ए.सी. को मत छेड़िए.” थ्रॉटल काढून त्यांनी चिंधीने पुसला, चिंधी काळीभोर झाली. गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा इंजिन काही मिनिटे विनाकारण जोरात फिरत राहिले. मी घाबरलो. त्यांनी हात वर करून थांबावयास सांगितले : संगणक अजून जुन्या काजळीचाच हिशेब धरून हवा सोडत होता.