सापळ्यात रोज पतंग अडकतात, तरी हरभऱ्यावर घाटेअळी कशी येते?

देऊळगाव राजाच्या शिवारात सोयाबीन निघालं की हरभरा पेरला जातो. पीक फुलावर आलं की काठीला बांधलेले कामगंध सापळे दिसू लागतात. रोज सकाळी सापळ्याच्या पिशवीत पतंग असतात, तरीही घाटे पोखरलेले निघतात. मग सापळे काय कामाचे?

कामाचे आहेत, पण त्यात फक्त नर अडकतात. नराला बोलावण्यासाठी मादी जो गंध सोडते, तोच सापळ्यातल्या ल्यूरमध्ये असतो. अंडी घालणाऱ्या मादीला तो ओढत नाही. ती येते पिकाच्या वासावर.

घाटेअळीचा पतंग रात्री उडतो आणि डोक्यावरच्या दोन मिशांनी वास घेतो. पानंफुलं सतत हवेत रसायनं सोडत असतात आणि फुललेल्या झाडाचा वास नुसत्या पाल्यापेक्षा वेगळा असतो. फिनाइल-अ‍ॅसिटाल्डिहाइड हे अनेक फुलांच्या सुगंधातलं रसायन या पतंगांना विशेष खेचतं. फुलात मादीला मकरंद मिळतो, अळ्यांना कोवळी कळी. झाडावर उतरल्यावर ती पायांनी चव घेते (हो, पायांनी!) आणि एकेक सुटं अंडं घालते. अशी शेकडो अंडी. हाच पतंग तुरीवर, कपाशीवर आणि टोमॅटोवरही जातो, फक्त अळीचं नाव बदलतं.

झेंडू इथेच उपयोगी पडतो. त्याच्या फुलांकडे मादी ओढली जाते आणि अंडी तिथे घालते. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने टोमॅटोसाठी १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ सुचवली आहे. त्यात टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं, तर झेंडूचं ४५ दिवसांचं घ्यायचं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलतात. खरी मेख हीच आहे. दसऱ्याच्या तोरणासाठी लावलेला झेंडू हरभरा फुलायच्या आधीच संपला, तर वासाचं आमिष उरतच नाही. शिवाय झेंडूवरच्या अळ्या वेचल्या नाहीत, तर आपणच त्यांना पोसल्यासारखं होतं.

ऑस्ट्रेलियात याच्या पुढे गेले. तिथे वनस्पतींच्या गंधांचं मिश्रण ‘मॅग्नेट’ नावाने विकलं जातं. त्यात साखर आणि कीटकनाशक मिसळून शेतातल्या मोजक्याच ओळींवर टाकतात. पतंग वासाने येतात, गोड म्हणून पितात आणि मरतात. त्यात मादीही सापडते.

आपल्याकडे कामगंध सापळ्याचा खरा उपयोग मोजणीसाठी. हेक्टरी ५ सापळे लावायचे आणि रोज पतंग मोजायचे. सलग २-३ दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग आले, की मादीही शिवारात पोहोचलीय असं समजायचं. मग शेतात जाऊन ओळी तपासायच्या. मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या, तर फवारणीची वेळ झाली.